स्वतंत्र गाण्याची कमाई: डहाणू-तलासरीच्या कलावंतांसाठी

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत गाण्यावर पोट भरणाऱ्याकडे आज मुख्यतः तीन वाटांनी पैसा येतो. लग्नांच्या आणि कार्यक्रमांच्या सुपाऱ्या ही पहिली वाट, यूट्यूबवरच्या जाहिराती ही दुसरी आणि गाणी ऐकवणाऱ्या ॲपकडून येणारी रॉयल्टी ही तिसरी. बहुतेकांच्या बाबतीत सुपारीचा पैसा सर्वांत मोठा असतो आणि हातात लवकर पडतो. ॲपचा पैसा सर्वांत कमी आणि सर्वांत उशिरा येतो. नव्याने गाणी काढणाऱ्या मुलांची समजूत नेमकी उलटी असते. गाणे मोबाइलवर गाजले की घर चालेल, असे त्यांना वाटते. गाजलेले गाणे घर चालवू शकते, पण ते गाणाऱ्याच्या नावावर असेल तरच. गाण्याची मालकी सोडून दिली की यूट्यूबचा आणि ॲपचा पैसा दुसऱ्याच्या खात्यात जातो, आणि या भागातल्या कलावंताचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते.

बाजारपेठही नीट समजून घ्यायला हवी. वारली, कोकणा, धोडिया, मल्हार कोळी, कातकरी अशा समाजांच्या बोलीतली गाणी पालघर जिल्ह्यापुरती राहत नाहीत. उंबरगाव तालुक्यात आणि दादरा-नगर हवेलीत तीच नाती, तीच लग्ने आणि तेच नाच आहेत, त्यामुळे राज्याची सीमा गाण्याला आडवी येत नाही. बोईसर-तारापूर, वापी आणि उंबरगावच्या कारखान्यांत कामाला गेलेली तरुण मुले हा या गाण्यांचा हक्काचा श्रोता आहे. हिंदी गाण्याच्या तुलनेत ही संख्या लहान आहे. मात्र हाच श्रोता स्वतःच्या लग्नाला तोच गायक बोलावतो. लाखो अनोळखी कानांपेक्षा सुपारी देणारी काही शे घरे जास्त मोलाची, हा हिशेब पक्का असला की पुढचे निर्णय सोपे होतात.

मालकी कुणाची?

एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द लिहिणाऱ्याचे, चाल बांधणाऱ्याची आणि ध्वनिमुद्रण ते करवून घेणाऱ्याचे असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला सादरकर्ता म्हणून वेगळा हक्क आहे आणि तो ५० वर्षांचा आहे. व्हिडिओ काढला तर ती आणखी एक निराळी मालमत्ता होते.

ध्वनिमुद्रणाचा मालक म्हणून कायदा गायकाकडे पाहत नाही. ज्याने पुढाकार घेऊन आणि जबाबदारी उचलून ते करवून घेतले, तो निर्माता त्याचा मालक ठरतो. एखाद्या चॅनलवाल्याने स्टुडिओचे पैसे भरले आणि बिल त्याच्या नावाने निघाले, तर आवाज गायकाचा असूनही रेकॉर्डिंग त्या चॅनलवाल्याचे होऊ शकते. म्हणून स्टुडिओचे बिल गायकाने किंवा मंडळाने स्वतःच्या नावाने घ्यावे, रक्कम यूपीआयने द्यावी आणि दोन्हींची नोंद जपून ठेवावी. उसनवारी करावी लागली तरी चालेल, पण पहिल्या गाण्याचा खर्च स्वतः उचलणे पुढे फार उपयोगी पडते. मिक्सिंग झाल्यावर तयार गाण्याबरोबर प्रत्येक वाद्याचा आणि आवाजाचा स्वतंत्र ट्रॅकही मागून घ्यावा. पुढे कुणाला गाण्याचा फक्त तारपा हवा असेल किंवा नवे मिश्रण करायचे असेल, तर हेच ट्रॅक लागतात.

कॅसेटच्या काळापासून लोकगायकाला एकरकमी पैसे देऊन गाणे कायमचे घेण्याची पद्धत पडली आणि व्हीसीडी, मेमरी कार्ड, यूट्यूब असा प्रवास होऊनही ती मोडलेली नाही. २०१२ साली कायद्यात झालेली दुरुस्ती या पद्धतीला चाप लावणारी आहे. गीतकाराने आणि संगीतकाराने आपला हक्क लिहून दिला, तरी ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा त्यांना सोडता येत नाही, आणि तो सोडायला लावणारा करार टिकत नाही. सादरकर्त्यालाही व्यापारी वापराच्या रॉयल्टीचा हक्क आहे. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्याचा वापर केला नाही आणि करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल, तर हक्क मूळ मालकाकडे परत येतो. १९४५ साली तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारली शेतकरी वेठबिगारीविरुद्ध एकत्र आले होते. कामाचा मोबदला मागण्याचा इतका मोठा वारसा असलेल्या मुलखात गायकाने कागद न वाचता सही करू नये.

करारात गाण्याचे नाव, दिलेला हक्क कोणता, किती वर्षांसाठी, कोणत्या माध्यमासाठी, रक्कम किती, पुढच्या उत्पन्नात वाटा किती आणि हिशेब कधी मिळणार हे सर्व असावे. 'सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी' हे शब्द दिसले तर तिथेच थांबावे. मंडळातील एखाद्या ज्येष्ठाला वाचता येत नसेल तर संपूर्ण कागद त्याच्या बोलीत, दोन साक्षीदारांसमोर वाचून दाखवावा आणि तसे कागदावर नमूद करून मगच अंगठा घ्यावा.

आपसातल्या वाटणीचाही कागद लागतो. गाणे प्रसिद्ध होण्याआधी, सगळे आनंदात असताना तो करणे बरे. समजा एका गाण्यात गीतकार, संगीतकार-संयोजक, गायिका आणि तारपेवाला असे चौघे आहेत. शब्दाची रॉयल्टी गीतकाराला, चालीची संगीतकाराला, ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नात गायिकेला ४० टक्के, संयोजकाला ३० आणि तारपेवाल्याला ३०, असे ठरले तर एका पानावर चौघांच्या सह्या पुरतात. टक्के कोणतेही असोत, तारपेवाल्याला एका दिवसाची मजुरी देऊन वाटणीतून वगळण्याची रीत मात्र बंद व्हायला हवी. गाण्याची ओळख त्याच्या वाद्याने होत असते.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, हक्क गाणे निर्माण होताच मिळतो. तरी वाद झाला तर नोंदणी पुराव्याला उपयोगी पडते. ती ऑनलाइन होते. शब्द किंवा चालीसाठी शुल्क ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये आहे. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. प्रत्येक गाण्यावर हा खर्च परवडत नसेल, तर ज्यावर सर्वाधिक भरवसा आहे त्या गाण्यांची नोंदणी करावी. बाकीच्यांच्या बाबतीत मूळ रेकॉर्डिंगच्या फाइली, हाताने लिहिलेले शब्द आणि चाल बांधतानाचे मोबाइलवरचे नमुने तारखेसह सांभाळावेत.

पारंपरिक गाणे

इथली अर्धीअधिक गाणी कुणा एकाची नाहीत. वारली लग्न धवलेरी लावते, तिच्या गाण्यांशिवाय विधी पुरा होत नाही. तारप्याच्या चाली पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. अशा परंपरागत शब्दांवर आणि चालीवर एका व्यक्तीचा कॉपीराइट सांगता येत नाही. मात्र त्या चालीचे नवे संयोजन केले, त्यात नवे कडवे घातले किंवा तिचे रेकॉर्डिंग केले, तर त्या नव्या कामावर हक्क मिळतो. गाण्याच्या तपशिलात गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' आणि संयोजकाच्या जागी स्वतःचे नाव लिहिणे हा खरा आणि सुरक्षित मार्ग आहे.

परंपरागत चाल स्वतःची म्हणून यूट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेत घालणे चुकीचे आहे. ही यंत्रणा आवाज ओळखून त्याच्याशी जुळणाऱ्या व्हिडिओंवर आपोआप दावा लावते. एकाने तारप्याची जुनी चाल आपली म्हणून घातली, तर शेजारच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्याने वाजवलेल्या त्याच चालीच्या व्हिडिओवरही दावा लागू शकतो आणि त्याचे जाहिरातीचे पैसे भलतीकडे जाऊ शकतात. ज्या सामग्रीवर पूर्ण आणि एकट्याचा हक्क आहे तीच या यंत्रणेत द्यावी, असा यूट्यूबचाही नियम आहे. समाजाच्या ठेव्यावर समाजातल्याच माणसाने कुंपण घालू नये.

सगळेच गाणे विक्रीचे नसते. भगताचे विधी, मृत्यूनंतरची गाणी, कणसरीची कथा यांत काय चव्हाट्यावर आणायचे आणि काय नाही, हे गावातल्या जाणत्यांना विचारूनच ठरवावे. धवलेरीचे गाणे रेकॉर्ड करायचे असेल तर तिला मोबदला द्यावा, तिचे नाव पडद्यावर लिहावे आणि रेकॉर्डिंग लग्नात तिच्या जागी वाजवले जाऊ नये, इतके पाहावे. धवलेरी म्हणून काम करणाऱ्या बायका कमी होत असतील, तर त्यांची उरलेली बिदागी स्पीकरने खाऊ नये.

रेकॉर्डिंग

तारपा रेकॉर्ड करणे शहरातल्या ध्वनिमुद्रकाला बहुधा अवघड जाते. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा भोंगा यांतून बनलेल्या या वाद्याचा आवाज मोठा आणि सलग असतो, कारण वादक श्वास न तोडता फुंकत राहतो. त्याचा स्वर कीबोर्डच्या पट्टीशी तंतोतंत जुळेलच असे नाही. अनेक स्टुडिओंत आधी कीबोर्ड आणि ताल भरतात आणि मग तारप्याला त्यात बसवायला जातात. वादक अडखळतो, शेवटी सॉफ्टवेअरने स्वर ओढून सरळ केला जातो आणि तारपा सनईसारखा गुळगुळीत होऊन बसतो. क्रम उलटा ठेवावा. आधी तारपा रेकॉर्ड करावा, त्याचा मूळ स्वर कोणता येतो ते पाहावे आणि कीबोर्ड सूक्ष्म ट्यूनिंगने त्या स्वरावर आणावा. मायक्रोफोन भोंग्याच्या थेट समोर न ठेवता थोडा बाजूला, दीड-दोन मीटरवर ठेवला की फुंकरीचा धक्का टळतो आणि आवाज फाटत नाही. वादकाला उभे राहून, पावले टाकत वाजवू द्यावे. तारपा नाचाबरोबर वाजवायचे वाद्य आहे, खुर्चीत बसवले की त्याची लय बदलते.

घरी रेकॉर्डिंग करायचे असेल तर पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात काम होत नाही, आणि संध्याकाळी रातकिडे आवाजात येतात. सकाळी, पंखा बंद करून, गोधड्या टांगलेल्या खोलीत आवाज स्वच्छ मिळतो. अंतिम फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारात, किमान ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटची असावी. मोबाइलवर पाठवताना दाबून लहान झालेली फाइल ॲपवर टाकू नये.

तयार ठेका विकत घेतला असेल तर परवाना स्वतःच्या नावाने घ्यावा. यूट्यूबवरून उतरवलेल्या 'फ्री बीट'वर केलेले गाणे चालायला लागले की मूळ मालकाचा दावा येतो. तोच ठेका शंभर जणांना विकलेला असेल, तर त्यावरचे गाणे कंटेंट आयडीत घालता येत नाही.

ॲपवर गाणे पोहोचवणे

स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिक यांसारख्या ठिकाणी गाणे सहसा थेट देता येत नाही, मध्ये वितरक लागतो. डिस्ट्रोकिड आणि ट्यूनकोर वर्षाची वर्गणी घेतात आणि रॉयल्टी जवळपास पूर्ण देतात. राउटनोटच्या मोफत योजनेत वर्गणी नसते, पण उत्पन्नातून १५ टक्के कापले जातात. वर्षाला एक-दोन गाणी काढणाऱ्याला कपातीची योजना स्वस्त पडते, महिन्याला गाणे काढणाऱ्या मंडळाला वर्गणी. वर्गणी थकली तर काही वितरक गाणी काढून टाकतात, ही अट आधी वाचावी. वितरकाचा प्रतिनिधी म्हणवून कमिशन मागणाऱ्या मधल्या माणसाची गरज नसते. खाते स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडावे.

गाण्याला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो. वितरक तो देतो, आणि तो गाण्याचा कायमचा ओळख क्रमांक आहे. वितरक बदलला तरी तोच क्रमांक द्यावा, नाहीतर आधीची ऐकण्यांची संख्या तुटते. गायकाचे नाव प्रत्येक गाण्यावर एकाच स्पेलिंगने लिहावे. इथे एका आडनावाची आणि एका नावाची माणसे गावोगाव आहेत, त्यामुळे दुसऱ्याचे गाणे आपल्या पानावर आणि आपले दुसऱ्याच्या पानावर जाणे नेहमीचे असते. नावापुढे गाव किंवा मंडळाचे नाव जोडल्यास हा घोळ टळतो. मुखपृष्ठाचे चित्र ३००० बाय ३००० पिक्सेलचे असावे. त्यावर वारली चित्र वापरायचे तर चित्रकाराची परवानगी आणि नाव दोन्ही घ्यावे. स्पॉटिफायच्या संपादकांसमोर गाणे ठेवायचे असेल तर ते प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी त्यांच्या कलावंत खात्यातून द्यावे लागते.

या ॲपकडून किती मिळते याबद्दल भ्रम नसावा. एका ऐकण्यामागे ठरलेला दर नसतो. जमलेल्या पैशातून ज्याच्या गाण्यांचा जितका वाटा तितकी रक्कम निघते आणि भारतातल्या वर्गण्या स्वस्त असल्याने ती लहानच असते. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. तरीही गाणे तिथे असावे, कारण रीलसाठी आवाज उपलब्ध होणे, काही वितरकांमार्फत कॉलर ट्यून लागणे आणि बाहेरगावच्या श्रोत्याला सापडणे हे त्यामुळेच घडते.

शब्द आणि चाल यांची रॉयल्टी मात्र वितरकाकडून पूर्ण येत नाही. ती गोळा करण्याचे काम आयपीआरएस ही संस्था करते. गीतकार आणि संगीतकार यांनी तिचे सभासद होऊन आपली गाणी तिथे नोंदवावी लागतात. गायकांसाठी इसाम्रा ही वेगळी संस्था आहे. गावाकडचे बहुतेक गीतकार यांपैकी कशातच नसतात आणि त्यांच्या नावाचे पैसे मागायला कुणी जात नाही.

यूट्यूब आणि पैसे हातात पडेपर्यंत

यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू होण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर एक कोटी व्ह्यू लागतात. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा चॅनलला मिळतो, शॉर्ट्सवर ४५ टक्के. व्हिडिओचे शीर्षक लोक जसे शोधतात तसे द्यावे. बोलीचे नाव, प्रसंग आणि नाचाचा प्रकार देवनागरीत आणि रोमन लिपीतही लिहावा. ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन, वाघबारस, होळी, चैत्रातली विवळवेढ्याची महालक्ष्मी यात्रा आणि लग्नसराई हे इथले हंगाम आहेत. गाणे त्या दिवशी टाकून उपयोग नाही. दोन-तीन आठवडे आधी आले तर त्यावर नाच बसवायला वेळ मिळतो.

पहिल्या पैशाआधी एक अडचण येते. खात्यात १० डॉलर जमले की गूगल पत्ता तपासण्यासाठी पिन क्रमांकाचे पत्र टपालाने पाठवते. पाड्यावरच्या घराला क्रमांक नसतो, रस्त्याला नाव नसते, आणि पत्र पोस्टातच पडून राहते किंवा परत जाते. पत्ता लिहितानाच वडिलांचे नाव, पाड्याचे नाव, गाव, पोस्ट, तालुका, पिनकोड असे पूर्ण द्यावे आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवावे. १०० डॉलर झाल्यावर रक्कम महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघते. परदेशातून येणाऱ्या रकमेसाठी बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. तो लहान शाखेला नसतो. शाखेत जाऊन, परदेशी व्यवहार पाहणाऱ्या शाखेचा कोड लेखी मागून घ्यावा. १८ वर्षांखालच्या मुलाच्या नावाने हे खाते उघडता येत नाही, ते पालकाच्या नावाने असावे. अमेरिकेचा कर-अर्जही भरावा लागतो. तो न भरल्यास एकूण उत्पन्नातून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. भरल्यास कपात फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या भागावर, करारानुसार १५ टक्के इतकीच होते.

वितरकाने गाणे कंटेंट आयडीत घातले असेल तर स्वतःच्याच चॅनलवरच्या व्हिडिओवर दावा येतो. वितरकाला चॅनलचा पत्ता कळवून तो सूट-यादीत घालून घ्यावा. दुसऱ्याने खोटा दावा केला तर घाबरून व्हिडिओ काढू नये. हरकत नोंदवली की दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात आणि उत्तर आले नाही तर दावा सुटतो. उलट, ९० दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक आले तर चॅनल बंद होऊ शकते. लग्नात चित्रपटगीत वाजवायला वा गायला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, पण त्याच गाण्याचा व्हिडिओ चॅनलवर टाकायला ती लागू होत नाही, हा फरक बँडवाल्यांनी ध्यानात ठेवावा.

एखाद्या गाण्याला अचानक वेग येतो तो बऱ्याचदा दुसऱ्याच्या रीलमुळे. भिवंडीचे मनोज घोरपडे यांचे 'आमच्या पप्पांनी गणपती आणला' हे गाणे २०२३ साली राज्यभर पोहोचले ते बीड जिल्ह्यातल्या एका लहानग्याच्या रीलमुळे. अशा वेळी रीलवरचा आवाज मूळ गाण्याशी जोडलेला असला तरच श्रेय आणि पैसे मूळ कर्त्याकडे येतात. म्हणून गाणे आधी वितरकामार्फत इन्स्टाग्रामच्या संगीतसंग्रहात असावे आणि मग त्याचा तुकडा लोकांच्या हाती द्यावा. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड यांचे 'गुलाबी साडी' २०२४ साली देशभर गाजले, ते त्यांच्या स्वतःच्या चॅनलवर होते. मोठी कंपनी पाठीशी नसतानाही मराठी गाणे इतके दूर जाते, हे आता सिद्ध झालेले आहे.

सर्व काही एकाच ठिकाणी ठेवू नये. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉक बंद झाले आणि खेड्यापाड्यांतल्या हजारो कलावंतांचा प्रेक्षक त्या दिवशी नाहीसा झाला. गाणी ऐकवणारे रेसो हे ॲप जानेवारी २०२४ अखेर बंद झाले, त्याच वर्षी विंकही. मूळ फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि श्रोत्यांचे क्रमांक स्वतःच्या व्हॉट्सॲप यादीत असतील, तर ॲप बदलले तरी धंदा मोडत नाही.

गाण्यामुळे मिळणारी कामे

गाणे चालले की सुपाऱ्या वाढतात, आणि मंडळाची कमाई खऱ्या अर्थाने इथून होते. सुपारी घेताना तारीख, तास, ध्वनियंत्रणा कुणाची, प्रवास आणि जेवण कुणाकडे, इसार किती आणि लग्न मोडले तर इसाराचे काय, हे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून पाठवावे आणि 'मान्य' असे उत्तर घ्यावे. प्रत्येक व्हिडिओच्या खाली संपर्काचा क्रमांक असावा. नेमका हाच अनेक चॅनलवर नसतो.

रिसॉर्ट, कंपन्यांचे कार्यक्रम आणि सरकारी महोत्सव तारपा नाचाला बोलावतात. उदयपूरचे पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र महाराष्ट्र, गुजरात, गोवा, राजस्थानातल्या लोककलांना मंच देते. आपल्या तालुक्यांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय डहाणूलाच आहे. अशा ठिकाणी मंडळाचे बँक खाते, पॅन, कलाकारांची यादी आणि एक चांगला पाच मिनिटांचा व्हिडिओ तयार असला की नाव यादीत लागते. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाल्यापासून या वाद्याची विचारणा करणाऱ्यांना दाखवायला नावही आहे. ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे. तिच्यात महिना ५,००० रुपये मिळतात. मंडळातल्या ५० वर्षांवरच्या वादकांचे अर्ज तरुणांनी भरून द्यावेत, आणि त्यासाठी जुने फोटो, पत्रिका, प्रमाणपत्रे जपावीत.

माहितीपट, चित्रपट आणि जाहिराती करणाऱ्यांना तारप्याचा, घांगळीचा, ढोलाचा आवाज लागतो. त्यांना तो वापरण्याची परवानगी विकावी, रेकॉर्डिंग विकू नये. परवानगीच्या कागदावर एकच चित्रपट, ठराविक मुदत आणि ठराविक माध्यम असावे. त्याच आवाजाची परवानगी पुढच्या वर्षी दुसऱ्याला देता येते.

वारली चित्रांच्या ग्राहकांकडे इथल्या संगीताने अजून फारसे पाहिलेले नाही. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ही चित्रे विकत घेणारे देशापरदेशात आहेत. त्या चित्रांच्या मध्यभागी तारपेवाला असतो, पण चित्र घेणाऱ्याने तारपा क्वचितच ऐकलेला असतो. चित्रकाराशी ठरवून चित्राच्या मागे क्यूआर कोड छापला आणि तो आपल्या रेकॉर्डिंगकडे नेला, तर परदेशी ग्राहक बँडकॅम्पसारख्या ठिकाणी अल्बम विकत घेऊ शकतो. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून १५ टक्के घेते आणि ग्राहकाला ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त द्यायची मुभा असते. एक अल्बम विकला तर ॲपवरच्या हजारो ऐकण्यांहून जास्त पैसे येतात. जवळच्या श्रोत्यासाठी यात्रेत आणि आठवडे बाजारात गाणी भरलेला पेनड्राइव्ह यूपीआयवर विकणे अजूनही चालते, विशेषतः रिक्षा आणि टेम्पो चालवणाऱ्यांमध्ये.

कर आणि वारस

आदिवासींना आयकर नसतो असा समज या भागात ऐकू येतो. ती सूट ईशान्येकडच्या काही राज्यांतल्या आणि लडाखमधल्या अनुसूचित जमातींपुरती आहे, पालघरला लागू नाही. उत्पन्न करपात्र मर्यादेपेक्षा कमी असले तरी विवरणपत्र भरावे. कंपनीने मानधनातून कापलेला कर त्यामुळे परत मिळतो आणि स्पीकर किंवा गाडीसाठी कर्ज मागताना बँकेला उत्पन्न दाखवता येते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली तर जीएसटीची नोंदणी लागते. सुपारी, यूट्यूब आणि वितरक यांचा जमाखर्च एका वहीत वेगळा ठेवला की जूनमध्ये शोधाशोध होत नाही.

शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतो, म्हणजे तो नातवंडांपर्यंत पोहोचतो. म्हणून मृत्युपत्रात जमिनीबरोबर गाण्यांचीही यादी असावी आणि प्रत्येक गाण्यापुढे आयएसआरसी क्रमांक, वितरकाचे नाव व वाटणीच्या कागदाची जागा लिहावी. यूट्यूब, वितरक आणि ईमेल यांचे पासवर्ड घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असावेत. आयपीआरएसमध्ये मृत सभासदाच्या जागी कायदेशीर वारसाचे नाव लावता येते, त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद लागतात.